बेसिक मॅथ्सचा पेपर: पाठांतर कमी, हात जास्त

आजचा भाग निगडी, आकुर्डी, भोसरीकडं डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला असलेल्यांसाठी. बेसिक मॅथ्सची केटी राहिली, की पुढं चाकणच्या कंपनीचा फॉर्म भरतानाही ती आडवी येऊ शकते. म्हणून आत्ताच मनावर घ्या.

एमएसबीटीईचा पेपर ७० मार्कांचा, वेळ ३ तास. म्हणजे ४ मार्कांच्या गणिताला साधारण १० मिनिटं. घरी टायमर लावा आणि मोबाईल पालथा ठेवा.

सूत्रं सगळीच घोकू नका. मी तर म्हणतो, थोडी पाठ करा, बाकीची काढायला शिका. साइन (अ + ब) येत असेल, तर साइन ७५° म्हणजे ४५ + ३०. ब च्या जागी अ ठेवला, की साइन २अ तयार!

लॉगमध्ये शंका आली, तर आकडे टाकून बघा. बेस १० घेतला, तर लॉग १० अधिक लॉग १० म्हणजे २. लॉग २० मात्र १.३०१ येतो. लॉग १०० बरोबर २. म्हणजे लॉगची बेरीज हा गुणाकाराचा लॉग असतो, बेरजेचा नाही.

आज एक जुना पेपर पुस्तक मिटून सोडवा. अडलेली गणितं वेगळ्या वहीत उतरवा, आणि उद्या उत्तर न बघता तीच परत करा.