पहिल्या श्वासाचे शास्त्र आणि आपला अहिंसाधर्म

मातेच्या उदरात असताना बालकाची फुप्फुसे हवेने नव्हे, तर द्रवाने भरलेली असतात. त्याला लागणारा प्राणवायू वारेमार्फत मातेच्या रक्तातून मिळतो. जन्म होताच हा पुरवठा थांबतो आणि अवघ्या काही मिनिटांत तो द्रव दूर सारून त्या इवल्या फुप्फुसांना हवा भरून घ्यावी लागते. पूर्ण दिवसांचे मूल हे काम एका रडण्यासरशी करते. अपुऱ्या दिवसांच्या मुलाला मात्र अनेकदा ते जमत नाही. २०२० सालच्या अंदाजानुसार आपल्या देशात त्या एका वर्षी ३० लाखांहून अधिक बालके ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्माला आली. म्हणजे दर १०० जन्मांमागे सुमारे १३. बँकेच्या व्यवहारात 'मुदतपूर्व' या शब्दाने व्याजाचे थोडे नुकसान होते. येथे त्या शब्दाला जिवाचे मोल पडते.

या बालकांचा श्वास ज्या एका पदार्थावर अवलंबून असतो त्याचे नाव सर्फॅक्टंट. त्याच्या संशोधनाची कथा जितकी उद्बोधक आहे, तितकाच त्यातून जैन कुटुंबांपुढे उभा राहणारा प्रश्न गंभीर आहे. कारण बाहेरून देण्यात येणारे हे औषध आज प्रामुख्याने प्राण्यांच्या फुप्फुसांपासून तयार होते.

फुग्यांचे गणित

आपल्या फुप्फुसांत ३० कोटींहून अधिक सूक्ष्म वायुकोश असतात. प्रत्येकाच्या आतील भिंतीवर पाण्याचा अतिशय पातळ थर असतो. पाण्याचे रेणू एकमेकांना ओढून धरतात. यालाच पृष्ठताण म्हणतात. या ओढीमुळे वायुकोश आक्रसू पाहतो, आणि तो जितका लहान तितका आत ओढणारा दाब अधिक. निसर्गाने यावर काही उपाय केला नसता तर प्रत्येक उच्छ्वासानंतर वायुकोश मिटून गेले असते आणि प्रत्येक श्वास पहिल्या श्वासाइतकाच कष्टाचा झाला असता.

तो उपाय म्हणजे सर्फॅक्टंट. वायुकोशांच्या भिंतीतील विशिष्ट पेशी हा पदार्थ तयार करतात. त्यात सुमारे ९० टक्के स्निग्ध द्रव्ये आणि १० टक्के प्रथिने असतात. पाण्याच्या थरावर त्याचा तवंग पसरला की पृष्ठताण जवळजवळ नाहीसा होतो आणि वायुकोश उघडे राहतात. गर्भात या पदार्थाची निर्मिती साधारण २४व्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते, पण तो पुरेसा होण्यास ३४ ते ३५ आठवडे लागतात. त्याआधी जन्मलेल्या बालकाचे वायुकोश मिटत जातात. श्वास मिनिटाला ६० पेक्षा जलद होतो, नाकपुड्या फुलतात, बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो, प्रत्येक उच्छ्वासाबरोबर कण्हल्यासारखा आवाज येतो आणि अंग निळसर पडू लागते.

शोधाची वाटचाल

१९२९ साली कुर्ट फॉन नीरगार्ड या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की फुप्फुस हवेने फुगवण्यापेक्षा द्रवाने भरण्यास कमी दाब लागतो. अर्थात फुप्फुसाच्या आकुंचनामागे पृष्ठताणाचा मोठा वाटा आहे. त्याच्या या कार्याकडे पाव शतक कोणाचेही लक्ष गेले नाही. पुढचे पाऊल युद्धसंशोधनातून पडले, हा नियतीचा विचित्र न्याय म्हणावा लागेल. इंग्लंडमधील पोर्टन डाउन येथे विषारी वायूंच्या परिणामांचा अभ्यास करताना रिचर्ड पॅटल यांना फुप्फुसातील फेसाचे बुडबुडे फुटता फुटत नाहीत, असे आढळले. हे १९५५ सालचे. १९५७ मध्ये अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेतील जॉन क्लेमंट्स यांनी फुप्फुसातील अर्काचा पृष्ठताण प्रत्यक्ष मोजला. ज्या विद्येचा आरंभ संहाराच्या साधनांपाशी झाला, तिनेच पुढे लक्षावधी अर्भकांना जीवदान दिले.

या दोन धाग्यांना अर्भकांच्या मृत्यूशी जोडले ते डॉ. मेरी एलन एव्हरी यांनी. १९५९ साली त्यांनी जेरे मीड यांच्यासह सिद्ध केले की श्वसनकष्टाने दगावलेल्या अर्भकांच्या फुप्फुसांत हा ताण कमी करणारा पदार्थच नसतो. तोवर त्या फुप्फुसांत दिसणाऱ्या एका पापुद्र्यालाच रोगाचे कारण समजले जात होते. काहीतरी नको असलेले तेथे जमले आहे, असे सारे मानत होते. वास्तविक हवे असलेले तेथे नव्हते.

कारण कळले तरी उपचार दूर होता. ७ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांना पुत्र झाला. दिवस भरण्यास साडेपाच आठवडे बाकी होते; वजन सुमारे २.१ किलो. महासत्तेचे सारे वैद्यकीय बळ उभे राहूनही पॅट्रिक ३९ तासांत गेला. आज त्याच वजनाचे आणि तितक्याच दिवसांचे बाळ सुसज्ज रुग्णालयात सहसा वाचते.

हा पालट तीन उपायांनी घडला. पहिला १९७१ सालचा. जॉर्ज ग्रेगरी व सहकाऱ्यांनी बाळाच्या श्वासमार्गात सतत हलका दाब ठेवून वायुकोश मिटू न देण्याची पद्धत मांडली. तीच आजची 'सीपॅप'. दुसरा १९७२ सालचा, न्यूझीलंडमधील ऑकलंड येथील. लिगिन्स यांना मेंढ्यांवरील प्रयोगांत आढळले की स्टेरॉइड मिळालेल्या अपुऱ्या दिवसांच्या कोकरांची फुप्फुसे अपेक्षेपेक्षा परिपक्व असतात. त्यांनी हॉवी यांच्यासह २८२ मातांवर चाचणी केली. प्रसूतीपूर्वी हे इंजेक्शन मिळालेल्या मातांच्या बालकांत श्वसनकष्टाचे प्रमाण ९ टक्के, तर न मिळालेल्यांत जवळपास २६ टक्के आढळले. इतका स्पष्ट पुरावा असूनही हा उपाय सर्वमान्य व्हायला आणखी दोन दशके लागली. तिसरा उपाय १९८० सालचा. जपानमधील तेत्सुरो फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसापासून तयार केलेले सर्फॅक्टंट दहा अर्भकांच्या श्वासनलिकेत सोडले आणि त्यांच्या रक्तातील प्राणवायू झपाट्याने सुधारला.

चार प्रथिने

सर्फॅक्टंटमधील प्रथिने चार आहेत. त्यांना एसपी-ए, एसपी-बी, एसपी-सी आणि एसपी-डी अशी नावे आहेत. ए आणि डी ही पहारेकऱ्यांचे काम करतात; जंतू व विषाणूंना चिकटून शरीराच्या रक्षक पेशींच्या हवाली करतात. बी आणि सी ही आकाराने लहान असून स्निग्ध द्रव्ये क्षणार्धात सर्वत्र पसरवतात. त्यांतही बी अपरिहार्य आहे. आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आल्यामुळे ज्या बालकात एसपी-बी तयारच होत नाही, ते पूर्ण दिवसांचे असूनही जन्मतः श्वसनकष्टात सापडते आणि फुप्फुसाच्या प्रत्यारोपणावाचून त्याला तरणोपाय नसतो. हा दोष अत्यंत दुर्मीळ आहे. तथापि घराण्यात पूर्ण दिवसांचे मूल असे दगावले असेल, विशेषतः विवाह जवळच्या नात्यात झालेला असेल, तर पुढील गर्भधारणेपूर्वी जनुकीय सल्ला अवश्य घ्यावा.

औषध येते कोठून?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. प्रचलित औषधांपैकी काही गाईच्या वा वासराच्या, तर काही डुकराच्या फुप्फुसापासून काढतात. ही फुप्फुसे मांसासाठी मारलेल्या प्राण्यांची असतात. भारतात शेळीच्या फुप्फुसापासून तयार केलेल्या औषधाचीही चाचणी झाली आहे. कॅप्सूलच्या जिलेटिनची चौकशी करणाऱ्या आपल्या घरांना हे बहुधा ठाऊक नसते; आणि कळते तेव्हा बाळ काचेच्या पेटीत असते व हाती संमतिपत्र असते.

प्राणिज घटक नसलेले औषध करता येत नाही काय? प्रयत्न झाले आहेत. १९९० साली अमेरिकेत मान्यता मिळालेले 'एक्सोसर्फ' पूर्णपणे कृत्रिम होते. त्यानेही अनेक बालके वाचली. पण तुलनात्मक चाचण्यांत प्राणिज औषधे सरस ठरली. कारण एक्सोसर्फमध्ये प्रथिने नव्हती. २०१२ साली एसपी-बीची नक्कल करणारा २१ अमिनो आम्लांचा लहानसा रेणू असलेले 'सर्फॅक्सिन' मान्य झाले, पण २०१५ मध्ये ते बाजारातून गेले. त्यानंतर बी आणि सी या दोन्हींच्या कृत्रिम प्रतिकृती असलेल्या औषधाच्या चाचण्या अर्भकांवर झाल्या आणि त्यांचे निष्कर्ष आशादायक आहेत. नैसर्गिक एसपी-बी ७९ अमिनो आम्लांचे आणि विशिष्ट घड्यांचे, तर एसपी-सी अवघे ३५ अमिनो आम्लांचे पण एकमेकांना चिकटून निकामी होणारे. ही अवघड जोडी प्रयोगशाळेत जसजशी साधेल, तसतशी प्राण्यांवरील भिस्त कमी होईल.

श्रावकाने काय करावे?

आपल्या आचारशास्त्राने हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार भेद सांगितले आहेत. गृहस्थाने संकल्पी हिंसेचा त्याग करावयाचा असतो. बाळाला औषध देणाऱ्या मातापित्यांच्या मनात प्राण्याच्या वधाचा संकल्प नसतो, असे एक मत आहे. ज्या वस्तूसाठी आपण पैसे मोजतो तिच्यामागील हिंसेला आपली अनुमोदना लागते, असे दुसरे मत आहे. दोन्ही मतांमागे श्रद्धा आहे. या विषयात निवाडा देण्याचा अधिकार माझा नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या गुरुजनांना विचारावे.

माझे म्हणणे एवढेच की हा विचार सातव्या महिन्यापूर्वी व्हावा. हे औषध जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांत दिले तर अधिक गुणकारी ठरते. त्या वेळी रुग्णालयाच्या व्हरांड्यात वडीलधाऱ्यांची चर्चा रंगावी आणि आत एक पंचेंद्रिय जीव श्वासासाठी झुंजत राहावा, ही दया नव्हे. ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीने निर्णय घेताना त्याचा प्राणही तराजूत घालावा लागतो.

गरजच कमी करणे

या संशोधनाचा दुसरा बोध अधिक मोलाचा आहे. औषधाची गरजच पडू नये, यासाठी पुष्कळ काही आपल्या हाती आहे, आणि अहिंसेच्या मार्गावरचे ते सर्वांत सरळ पाऊल आहे.

अपुऱ्या दिवसांत कळा सुरू झाल्या, पाणी गेले किंवा रक्तस्राव झाला, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे आणि 'फुप्फुसाच्या वाढीचे इंजेक्शन' द्यावयाचे काय, हे डॉक्टरांना विचारावे. केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान डेक्सामेथासोनच्या १२-१२ तासांच्या अंतराने चार मात्रा देतात. पहिली मात्रा गावातील परिचारिकाही देऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत केलेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या इंजेक्शनाने नवजात मृत्यूंचे प्रमाण २३.५ वरून १९.६ टक्क्यांवर आले. काही रुपयांचे इंजेक्शन एका बाजूला, आणि हजारो रुपयांचे सर्फॅक्टंट व अतिदक्षता कक्षाचे बिल दुसऱ्या बाजूला. व्यापाऱ्याला याहून स्पष्ट जमाखर्च कोणी मांडून दाखवावा?

गर्भवतीच्या मधुमेहाकडे दुर्लक्ष करू नये. मातेची साखर अनियंत्रित राहिली तर बाळाच्या फुप्फुसांची परिपक्वता लांबते. तिसरी गोष्ट जरा कटू आहे. शुभमुहूर्त साधण्यासाठी अथवा सोयीच्या तारखेसाठी दिवस भरण्याआधीच शस्त्रक्रियेने प्रसूती करवून घेण्याची प्रथा सुशिक्षित, सुस्थितीतील घरांतही शिरली आहे. वैद्यकीय कारण नसताना ३९ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी अशी प्रसूती केल्यास बाळाला श्वसनाचा त्रास होण्याचा संभव वाढतो. पंचांगातील घटिकेपेक्षा गर्भाची घटिका मोठी मानावी.

आणि शेवटी समाजाकडे एक मागणे. आपल्या जीवदया निधीतून पांजरपोळ चालतात, पाणपोया चालतात. याच निधीचा काही भाग तालुक्याच्या रुग्णालयांतील सीपॅप यंत्रांसाठी आणि ती चालवणाऱ्या परिचारिकांच्या प्रशिक्षणासाठी दिला, तर कित्येक बालके त्या औषधावाचूनही तरतील. तसेच प्राणिज घटकविरहित सर्फॅक्टंटवर काम करणाऱ्या भारतीय संशोधकांना आपल्या विश्वस्त संस्थांनी शिष्यवृत्त्या द्याव्यात. बाळाचा श्वास आणि मुक्या जनावराचा प्राण यांतून एकाची निवड करण्याची वेळ ज्या दिवशी कोणत्याही मातेवर येणार नाही, तो दिवस जवळ आणण्याचे सामर्थ्य आपल्या समाजात आहे. जय जिनेंद्र.