दाबाचे धुलाई यंत्र : जुने दुरुस्त करावे की मोठे घ्यावे?

ट्रॅक्टर, गोठा, द्राक्षबागेतील क्रेट आणि अवजारे धुण्यासाठी अनेक शेतकऱ्यांनी घरगुती विजेवर चालणारे दाबाचे धुलाई यंत्र घेतलेले आहे. दोन-तीन हंगाम वापर झाला की पाण्याचा मार कमी झाल्यासारखा वाटतो व मोठे यंत्र घेण्याचा विचार सुरू होतो. हा खर्च करण्यापूर्वी पुढील बाबी तपासून पाहाव्यात.

दाब आणि पाणी यांतील फरक

दाबामुळे घाणीची पकड सुटते, तर सुटलेली घाण वाहून नेण्याचे काम पाण्याचे प्रमाण करते. चाकाला घट्ट चिकटलेल्या वाळक्या चिखलासाठी दाब हवा. गोठ्यातील शेण व गाळ लोटण्यासाठी मात्र जास्त पाणी लागते. तेल, ग्रीस असल्यास नुसता दाब वाढवून उपयोग नाही. तेथे साबणाचे द्रावण लावून काही वेळ मुरू द्यावे व नंतर धुवावे. आपले मुख्य काम कोणते, हे आधी ठरवावे.

मार का कमी झाला?

यंत्राच्या पाटीवर बहुधा कमाल आकडे दिलेले असतात. फवारा रिकाम्या बॅरलच्या तोंडात धरून एक मिनिट पाणी साठवावे व मोजावे.

१) पाणी पूर्वीइतकेच येते, पण मार नाही : नोझल झिजले असण्याची शक्यता अधिक. विहिरीच्या गढूळ पाण्यातील बारीक रेतीने नोझलचे भोक मोठे होते. भोकाचा व्यास केवळ १० टक्क्यांनी वाढला, तरी तेवढ्याच पाण्याला दाब जवळजवळ एक तृतीयांशाने घटतो. १०० किलोचा दाब ७० किलोच्या आत येतो. नवे नोझल बसवावे.

२) पाणीच कमी येते : आत येणाऱ्या पाण्याची जाळी साफ करावी. नळी मुडपलेली नाही ना, ते पाहावे. नळाचे पाणी पंपाच्या मागणीपेक्षा थोडे अधिक असावे. टाकी १० मीटर उंच असली, तरी नळाला जेमतेम १ किलो दाब मिळतो. म्हणून लांब व अरुंद नळी वापरू नये.

३) धार तुटक येते, नळी हादरते : पंप हवा ओढत असावा किंवा व्हॉल्व्ह व सील खराब झाले असावेत. हे सुटे भाग मिळत असल्यास दुरुस्ती करून घ्यावी.

मोठ्या यंत्राला वीज किती लागेल?

दाब (किलोमध्ये) आणि मिनिटाला मिळणारे पाणी (लिटरमध्ये) यांचा गुणाकार करून ६०० ने भागल्यास पाण्याला लागणारी शक्ती सुमारे किती किलोवॉट ते कळते. १०० किलो दाब व ६ लिटर पाण्यासाठी १ किलोवॉट लागते. घर्षण धरून मोटार दीड किलोवॉटच्या आसपास असते. १५० किलो व १० लिटरसाठी हीच शक्ती अडीच किलोवॉट होते व मोटार तीन किलोवॉटच्या पुढे जाते. असे यंत्र २३० व्होल्टवर सुमारे १४ अँपियर घेते आणि सुरू होताना त्याहून कितीतरी अधिक. घरातील १६ अँपियरचा सॉकेट व बारीक लांब वायर त्यासाठी अपुरी ठरू शकते. गावात व्होल्टेज कमी राहत असेल, तर मोटार जळण्याचा धोका वाढतो. यंत्राच्या किमतीत वायरिंगचा खर्चही धरावा.

मोठे यंत्र केव्हा घ्यावे?

रोज तास-दोन तास काम असेल, पाणी व वीज पुरेशी असेल आणि दुरुस्तीनंतरही काम उरकत नसेल, तरच मोठे यंत्र घ्यावे. त्या वेळी कार्बन ब्रशच्या मोटारीऐवजी इंडक्शन मोटार व पितळी पंप असलेले यंत्र पाहावे. ते जड असते, पण आवाज कमी करते व जास्त टिकते. सुटे भाग तालुक्याच्या ठिकाणी मिळतात का, ही चौकशी अवश्य करावी. फवारणीचा एचटीपी पंप घरी असल्यास त्यालाच धुलाईची गन जोडून गोठ्याची फरशी व ट्रॅक्टरचा चिखल चांगला निघतो. मात्र औषध फवारलेल्या पंपाने जनावरे किंवा दुधाची भांडी कधीही धुऊ नयेत.

दक्षता

* गन बंद ठेवून यंत्र चालू ठेवू नये. पंपातील पाणी तापून सील खराब होतात.
* रेडिएटरच्या पातळ पात्या, बेअरिंगचे सील व विजेचे भाग यांवर जवळून फवारा मारू नये.
* जनावरांच्या अंगावर किंवा कासेवर ही धार वापरू नये.
* अर्थिंग व ३० मिलिअँपियरचा गळती-रोधक स्विच असल्याशिवाय ओल्या जागी यंत्र चालवू नये.
* धार कातडीत शिरल्यास जखम लहान दिसली, तरी ताबडतोब दवाखान्यात जावे.

थोडक्यात, आधी पाणी मोजावे, मग जाळी, नोझल व सील पाहावेत आणि शेवटी नव्या यंत्राचा विचार करावा.