गतिरोधकाचा योग्य डोस

शाळेसमोर अपघात होतो. दुसऱ्या दिवशी पालक रस्त्यावर बसतात, नगरसेवक धावत येतात, मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर निवेदन जाते आणि आठवडाभरात एका रात्री रस्त्यावर डांबराचा आडवा बांध उभा राहतो. त्याला रंग नाही, अलीकडे फलक नाही, वर दिवा नाही. महिन्या-दोन महिन्यांत त्याच बांधावर स्कूटरच्या मागे बसलेली एखादी आजी उडून पडते आणि पालिकेत दुसरे निवेदन येते: हा गतिरोधक ताबडतोब काढा.

लहान शहरांतल्या नगरपालिकांच्या बांधकाम विभागाला ही दोन्ही निवेदने पाठ झालेली असतात. आणि दोन्ही लिहिणाऱ्यांचे म्हणणे खरे असते. गतिरोधकाने जीव वाचतात, तसेच गतिरोधकाने हाडेही मोडतात. फरक पडतो तो आकाराने, जागेने आणि आधी मिळणाऱ्या इशाऱ्याने. डॉक्टरांच्या भाषेत सांगायचे तर औषध गुणाचे आहे, पण आपल्याकडे ते रोग्याला न तपासता आणि मात्रा न मोजता दिले जाते.

एका सेकंदाचा हिशेब

हे औषध लागते तरी का, ते आधी पाहू. मूल रस्त्यावर आलेले दिसल्यापासून चालकाचा पाय ब्रेकवर दाबला जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ताशी ३० किलोमीटर वेगाने या एका सेकंदात गाडी सव्वाआठ मीटर पुढे जाते आणि ब्रेक लागल्यावर कोरड्या रस्त्यावर आणखी पाच मीटरांत थांबते. एकूण सुमारे १३ मीटर. ताशी ५० वेगाने मात्र नुसत्या त्या एका सेकंदातच गाडी जवळपास १४ मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे १४ मीटरवर मूल धावत आडवे आले, तर पहिली गाडी त्याच्या अलीकडे थांबते. दुसरीचा ब्रेक जेमतेम लागतो, तोवर ती मुलापर्यंत पोहोचलेली असते.

पुढचा हिशेब शाळेत शिकलेल्या गतिज ऊर्जेचा. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. ताशी ३० किलोमीटर वेगाची धडक म्हणजे साडेतीन मीटर उंचीवरून पडण्याइतका आघात. ताशी ५० ची धडक म्हणजे जवळपास १० मीटरवरून, तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून पडण्याइतका. वस्तीतल्या रस्त्यावर २० किलोमीटरचा फरक चालकाला किरकोळ वाटतो, पण ज्याला धडक बसते त्याच्या कवटीसाठी तो किरकोळ नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार रस्त्यावरचा सरासरी वेग एक टक्क्याने वाढला, तरी जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो.

आपल्या देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यांत सुमारे ३३ हजार पादचारी होते आणि सुमारे ७५ हजार दुचाकीवरचे. हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचायला हवेत. गतिरोधक ज्यांच्यासाठी घालायचा ते पादचारी, आणि चुकीच्या गतिरोधकाची किंमत आधी मोजतात ते दुचाकीस्वार. एकाला वाचवताना दुसऱ्याला पाडायचे नाही, हीच तर खरी कसोटी आहे.

गुण येतो, हे सिद्ध आहे

अमेरिकेतल्या ओकलंड शहरात १९९५ ते २००० या काळात गाडीची धडक बसलेल्या मुलांचा अभ्यास झाला. त्याच रुग्णालयात अन्य कारणांनी आलेल्या मुलांशी त्यांची तुलना केली गेली. ज्यांच्या घराजवळ गतिरोधक होता, त्या मुलांना आपल्याच वस्तीत गाडीने जखमी होण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास आढळली. हा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला.

घानामधला अनुभव तर आपल्याला अधिक जवळचा आहे. तिथल्या अक्रा ते कुमासी महामार्गावर सुहुम येथे अपघातांसाठी कुप्रसिद्ध असलेला चौक होता. तिथे रंबल स्ट्रिप, म्हणजे रस्त्यावर ओळीने उमटवलेले बुटके, खडखडणारे पट्टे बसवले. त्यानंतर अपघात सुमारे ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू सुमारे ५५ टक्क्यांनी कमी झाले. त्यासाठी उड्डाणपूल लागला नाही की सिग्नल लागला नाही.

बारा फूट, चार इंच

आता मात्रेकडे वळू. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या सरकारी रस्ते संशोधन प्रयोगशाळेत वॉट्स या संशोधकाने वेगवेगळ्या आकारांच्या उंचवट्यांवरून वाहने नेऊन पाहिली. त्यातून जो आकार ठरला, तोच पुढे जगभर गेला. भारतात रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या ‘इंडियन रोड्स काँग्रेस’ने १९८८ मध्ये दिलेला आकारही तोच आहे. रस्त्याच्या दिशेने ३.७ मीटर लांबी, मध्यभागी १० सेंटिमीटर उंची आणि वरून १७ मीटर त्रिज्येची अलगद गोलाई. लक्षात ठेवायला सोपे: बारा फूट आणि चार इंच. अशा उंचवट्यावरून गाडी ताशी २५ किलोमीटर वेगाने आरामात जाते.

आपल्या गल्लीतला गतिरोधक याच्याशी ताडून पाहा. बहुतेक ठिकाणी उंची चार-सहा इंच असते, पण लांबी जेमतेम एक-दीड फूट. हा गतिरोधक नव्हे, हा नुसता बांध. यातली खरी गोम वॉट्सच्या प्रयोगांतच दिसली होती. आखूड बांधावरून गाडी जितकी जोरात जाईल, तितका आतल्या माणसाला धक्का कमी जाणवतो. चाक बांधावर चढून उतरण्याचा काळ इतका थोडा असतो की टायर आणि शॉक-अब्सॉर्बर तो दणका पिऊन टाकतात. गाडीला वर उचलले जायला वेळच मिळत नाही. मोठ्या गाडीचा चालक हे दोन-चार दिवसांत शिकतो आणि बांधावरून सुसाट जाऊ लागतो.

बारा फुटांच्या उंचवट्यावर उलट घडते. त्याची लांबी मोटारीच्या दोन चाकांमधल्या अंतरापेक्षा जास्त असल्याने अख्खी गाडी वर चढते आणि खाली उतरते. वेग जितका जास्त, तितका त्रास जास्त. हळू जाणाऱ्याला तो जेमतेम जाणवतो. म्हणजे नीट बांधलेला गतिरोधक वेगाला शिक्षा करतो, तर आखूड बांध स्कूटरला, रिक्षाला आणि सायकलला. लहान चाकाला तो उंचवटा नसून पायरी असते.

दणका कुठे बसतो?

तुर्कस्तानातल्या डॉक्टरांनी २००५ मध्ये गतिरोधकामुळे मणका मोडलेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. बसमध्ये मागच्या बाकावर बसलेले हे प्रवासी. बसचा मागचा भाग चाकांच्या पलीकडे लोंबता असतो, त्यामुळे चाक उंचवट्यावर चढते तेव्हा तिथला प्रवासी सीसॉच्या टोकावर बसल्यासारखा वर फेकला जातो आणि खाली आदळतो. त्याचे वजन उभ्या दिशेने मणक्यावर येते. पाठीचा ताठ भाग संपून कमरेचा लवचीक भाग जिथे सुरू होतो, तिथला मणका चेपतो. हाडे ठिसूळ झालेल्या वयस्कर स्त्री-पुरुषांना हा धोका अधिक. वयस्कर मंडळींनी बसमध्ये मागचे बाक टाळावे आणि पुढचा दांडा घट्ट धरून बसावे, हा सल्ला त्यातून आपोआप निघतो.

गतिरोधकाने वैद्यकाला एक अनपेक्षित मदतही केली आहे. इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात अपेंडिक्सचा संशय असलेल्या रुग्णांना एक प्रश्न विचारला गेला: येताना गतिरोधकावर पोटात जास्त दुखले का? वाटेत गतिरोधक लागलेले ६४ रुग्ण होते. त्यांतल्या ३४ जणांना अपेंडिसायटिस असल्याचे तपासणीत पक्के झाले आणि त्या ३४ पैकी ३३ जणांना गतिरोधकावर कळ आली होती. अपेंडिक्स ठीक असलेल्या अनेकांनाही दुखले होते, त्यामुळे नुसत्या कळेवरून निदान होत नाही. पण कळ वाढली नसेल, तर अपेंडिसायटिसची शक्यता बरीच कमी होते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास थोडा गमतीचा वाटला, तरी रुग्णालयाच्या वाटेवरच्या प्रत्येक बांधाचा दणका अ‍ॅम्ब्युलन्समधल्या माणसापर्यंत पोहोचतो, हे तो सांगून जातो. पाय मोडलेला रुग्ण किंवा कळा सुरू झालेली बाई त्याच वाटेने येत असते.

सभागृहात काय ठरावे?

गतिरोधकाचा प्रश्न नगरपालिकेत अडकतो तो पहिल्याच पायरीवर. रस्ता कोणाचा? गावातून जाणारा मुख्य रस्ता राज्यमार्ग असेल तर तो बहुधा सार्वजनिक बांधकाम विभागाचा. राष्ट्रीय महामार्ग असेल तर यंत्रणा आणखी वेगळी, आणि राष्ट्रीय महामार्गांवरचे गतिरोधक काढण्याचे केंद्राचे निर्देश २०१६ पासून आहेत. आतले रस्ते तेवढे पालिकेचे. हे न पाहता दिलेले निवेदन या कार्यालयातून त्या कार्यालयात फिरत राहते. रस्ता पालिकेचा नसेल तर मोटार वाहन कायद्यानुसार असलेल्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे विषय नेता येतो. तिथे सगळ्या यंत्रणा एकत्र बसतात.

रस्ता पालिकेचा असेल, तर सर्वसाधारण सभेत ‘अमुक प्रभागात गतिरोधक करणे’ एवढा एका ओळीचा ठराव पुरेसा नाही. त्या ओळीतून ठेकेदाराला कोणताही बांध घालायची मोकळीक मिळते. ठरावात माप यावे: लांबी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर. काळे-पांढरे पट्टे आणि ४० मीटर अलीकडे इशाऱ्याचा फलक यावा. जवळ दिवा आहे का, कडेने पावसाचे पाणी वाहून जाईल का, हेही यावे. रस्ता लांब असेल तर एकाच गतिरोधकाने भागत नाही, कारण तो ओलांडला की गाडी पुन्हा वेग घेते. अशा वेळी १०० ते १२० मीटर अंतराने पुढचा घ्यावा, असे मानक सांगते. आणि बिल मंजूर करण्यापूर्वी अभियंत्याने टेप लावून मोजावे.

कुठे गतिरोधकाऐवजी वेगळे औषध लागते. शाळेच्या दारात रस्त्याच्या पातळीपासून उचललेले झेब्रा क्रॉसिंग जास्त उपयोगी, कारण मुलेही त्यावरूनच चालतात. एखाद्या चौकात हातगाड्या आणि पार्किंग हटवून पदपथ मोकळा केला, तर मुलांना रस्त्याच्या मध्यातून चालावेच लागत नाही.

शेवटचे काम देखभालीचे, आणि तेच सर्वांत आधी विसरले जाते. पट्ट्यांचा रंग एका पावसाळ्यात उडतो. नवे डांबरीकरण झाले की जुना उंचवटा गाडला जातो आणि त्यावर घाईने दुसराच बांध घातला जातो. रस्ता बांधणारे आणि सांभाळणारे यांनी ठरलेली मानके पाळली नाहीत आणि त्यामुळे कोणाचा जीव गेला किंवा कोणी अपंग झाले, तर एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून (कलम १९८अ) आहे. निवेदनात या कलमाचा उल्लेख करायला हरकत नाही.

एवढे करूनही पहिल्या निवेदनामागचे दुःख हलके होणार नाही. ज्यांच्या मुलाला गाडीने उडवले, त्या पालकांना मापे सांगत बसणे अवघड असते, आणि त्या दिवशी कोणी सांगूही नये. म्हणून हे काम अपघाताच्या आधीचे आहे. येत्या रविवारी टेप घेऊन आपल्या शाळेसमोरचा गतिरोधक मोजा. बारा फूट आणि चार इंच भरला, तर ठीक. नाही भरला, तर आकडे लिहून, फोटो जोडून प्रभागाच्या नगरसेवकाला द्या. मुलांना वाचवणारा आणि आजीला न पाडणारा गतिरोधक कसा बांधायचा, हे पन्नास वर्षांपूर्वीच कळलेले आहे. आता तो आपल्या रस्त्यावर तेवढ्याच मापाने उतरायला हवा.