गव्हाच्या आधी रानात काय होतं?

जिरायत गव्हाची पेरणी ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, म्हणजे बहुतेक वर्षी दिवाळीच्या मागेपुढे येते. हस्त सरलेला असतो, चित्रा चालू असते, आणि स्वातीत पाऊस होईलच असं कोणी धरून चालत नाही. हेक्टरी 75 ते 100 किलो बी, 40 किलो नत्र, 20 किलो स्फुरद एवढी शिफारस. त्यानंतर पाणी नाही. साडेतीन महिन्यांत हे पीक जे पिणार, ते पेरणीच्या दिवशीच जमिनीत मुरलेलं असावं लागतं. म्हणून या गव्हाचा उतारा बियाण्याच्या पिशवीपेक्षा जास्त एका जुन्या प्रश्नावर ठरतो: त्याच्या आधी रानात कोण उभं होतं, आणि त्यानं रान कधी सोडलं?

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात हा प्रश्न धारदार आहे. वर्षाचा पाऊस सुमारे 700 मिलिमीटर, तोही लहरी. पैठण, गंगापूर, वैजापूरच्या गोदाकाठी खोल काळी जमीन. कन्नड, खुलताबाद, सोयगावकडे अजिंठ्याच्या डोंगररांगांत हलकी, मुरमाड. आज जिल्ह्यातला बहुतेक गहू विहिरीवर, कालव्यावर किंवा तुषार संचावर निघतो. निव्वळ ओलीवरचा गहू भारी जमिनीच्या तुकड्यांपुरता उरला आहे. तरी त्याचा हिशेब समजून घ्यायला हवा, कारण विहीर आटली की बागायतदारही त्याच हिशेबात येतो.

ओलीचा जमाखर्च

दख्खनच्या बेसॉल्ट खडकातून झालेली काळी माती चिकणमातीनं भरलेली असते. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. मीटरभर खोल जमीन पिकाला घेता येईल असं साधारण 150 ते 200 मिलिमीटर पाणी धरून ठेवते. एक मिलिमीटर म्हणजे हेक्टरी 10 हजार लिटर. म्हणजे वाफशावर पेरणारा शेतकरी हेक्टरी 15 ते 20 लाख लिटर पाण्याच्या भरवशावर तिफण धरतो. हलक्या जमिनीत हा साठा इतका कमी असतो की तिथे जिरायत गव्हाचा विचारच करू नये.

आता हा साठा खरिपाच्या कोणत्या पिकानंतर शिल्लक राहतो ते पाहू. जूनमध्ये पेरलेला मूग किंवा उडीद 65 ते 75 दिवसांत निघतो. ऑगस्टअखेर रान मोकळं होतं आणि सप्टेंबरचा पाऊस सगळा जमिनीच्या खात्यावर जमा होतो. मध्ये वखराच्या एक-दोन पाळ्या दिल्या की तण मरतं, वरची भेग बुजते आणि ओल टिकते. सोयाबीन शंभरेक दिवसांचं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला निघालं तर गव्हाला जेमतेम वेळ सापडतो, पण सप्टेंबरची बरीच ओल ते स्वतःच पिऊन गेलेलं असतं. मका ऑक्टोबरच्या मध्याला हटतो आणि जाताना नत्रही भरपूर उचलतो. सिल्लोड, कन्नडकडे मक्यावर गहू घेतात खरा, पण विहिरीच्या आणि युरियाच्या जोरावर. कपाशी आणि तूर तर डिसेंबर-जानेवारीपर्यंत हलत नाहीत. त्यांच्यानंतर जिरायत गहू होत नाही.

बागायतीतही उशिराची किंमत मोजावी लागते. 15 नोव्हेंबरनंतर दर पंधरवड्याच्या उशिराला हेक्टरी सुमारे अडीच क्विंटल घट धरावी, असं कृषी विद्यापीठांचं मार्गदर्शन सांगतं. आपल्याकडची थंडी तोकडी. फेब्रुवारीच्या उन्हानं दाणा भरायच्या आत पीक पिकतं.

पड जमिनीचा काळ आणि त्याची किंमत

पूर्वी बन्सीसारखा जिरायत गहू ज्या रानात घ्यायचा, ते पावसाळाभर पड ठेवून नुसतं वखरत ठेवायचे. एक हंगाम सोडायचा आणि त्याचं पाणी दुसऱ्याला द्यायचं, हा त्यामागचा विचार. 1933 नंतर सोलापूर, विजापूर, हगरी, रायचूर आणि रोहतक इथे कोरडवाहू शेतीची संशोधन केंद्रं चालू झाली. त्यातलं रायचूर निजामाच्या राज्यात होतं, आणि मराठवाडाही तेव्हा त्याच राज्यात होता. ना. वि. कानिटकरांसारख्या संशोधकांनी बांधबंदिस्ती, खोल नांगरट, रुंद ओळी, विरळ पेरा आणि वारंवार कोळपणी यांची जी पद्धत बसवली, तिचा सगळा रोख ओल अडवण्यावर होता.

पडीला एक छुपा खर्च मात्र होता. उघड्या काळ्या रानावर आडवा पाऊस पडला की माती वाहून जाते. हैदराबादजवळच्या पटणचेरूला इक्रिसॅट संस्थेनं 1976 पासून एक प्रयोग चालवला. एका बाजूला पावसाळ्यात पड आणि रब्बीत एकच पीक ही जुनी रीत; दुसऱ्या बाजूला रुंद वरंबा-सरीवर दोन्ही हंगामांत पिकं, त्यात ज्वारी आणि तूर, शिवाय खतांची जोड. दुसऱ्या बाजूचं उत्पादन चार-पाच पट निघालं आणि मातीतला सेंद्रिय कर्बही वाढला. पडीची रीत मोडायला हवी होती हे खरं, पण तिच्या जागी ओल राखणारं पीक यायला हवं होतं. मराठवाड्यात तिच्या जागी पुढे लांब मुदतीची कपाशी आणि सोयाबीन पसरली.

नत्राचा भाबडा हिशेब

‘कडधान्य घ्या, जमिनीला नत्र मिळेल’ हे अर्धसत्य आहे. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र बांधतात, हे जर्मनीत हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी 1880च्या दशकात दाखवून दिलं. पण बांधलेल्या नत्राचा मोठा वाटा दाण्यात जातो आणि दाणा आडतीत जातो. जमिनीला उरतात ती मुळं, गळालेला पाला आणि धसकटं. सोयाबीन मुळासकट उपटून, मळून, भुसकट बांधावर पेटवलं तर बेवड, म्हणजे आधीच्या पिकाचा पुढच्याला होणारा फायदा, नावालाच राहतो. तूर पानगळ भरपूर देते, म्हणून तिच्यानंतरच्या वर्षाचं पीक उजवं दिसतं.

काडीची जातही पाहावी लागते. गव्हाच्या काडात कर्ब नत्राच्या ऐंशीएक पट असतो. ते कुजवताना जिवाणू मातीतलंच नत्र उचलतात आणि पुढचं पीक काही काळ पिवळं पडतं. कडधान्याच्या पाल्यात हे प्रमाण पंचवीसच्या आसपास असल्यानं तो लवकर कुजून नत्र सोडतो. म्हणून तृणधान्यावर तृणधान्य हा क्रम महागात पडतो.

रोगाचा भाग वेगळा. तूर-हरभऱ्याच्या मर रोगाची बुरशी मातीत वर्षानुवर्षं टिकते. त्याच रानात पुन्हा कडधान्य घेतलं की तिचं फावतं. मध्ये ज्वारी-गव्हासारखं तृणधान्य आलं की तिला यजमान मिळत नाही. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या ब्रॉडबाल्क शेतात 1843 पासून गहू घेतला जातो. 1968 पासून त्याच्या काही भागात फेरपालट सुरू झाली, तेव्हा दुसऱ्या पिकानंतरच्या पहिल्या गव्हानं सलग गव्हाला मागे टाकलं. मुख्य कारण मुळांवरची बुरशी तुटली हेच होतं.

फेरपालटीनं माती सुधारते का?

एकट्या फेरपालटीनं नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात ज्वारी–गहू आणि परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात सोयाबीन–करडई या क्रमांवर दीर्घकालीन खत-प्रयोग चालू आहेत. पहिला 1988 पासून, दुसरा 2006 पासून. पिकांचा क्रम तोच, फक्त खत वेगवेगळं. अशा प्रयोगांतून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: शेणखत आणि संतुलित खत मिळालेल्या तुकड्यांत कर्ब आणि उत्पादन दोन्ही टिकतात; नुसतं नत्र मिळालेले तुकडे मागे पडतात. आपल्या उन्हात सेंद्रिय पदार्थ झपाट्यानं जळतो आणि मराठवाड्यातल्या कितीतरी रानांत कर्ब अर्ध्या टक्क्याच्याही खाली आहे. जे घेतलं त्यातलं काही परत दिलं, तरच फेरपालट फळते.

मग शेतकरी का करत नाही?

कारण मूग तोडणीला आला की नेमका पाऊस लागतो, शेंगा काळ्या पडतात, तोडायला मजूर मिळत नाही. कपाशीला जागेवर गिऱ्हाईक आहे. हात मोकळा नसला की फरदड ठेवण्याचा, म्हणजे हंगाम संपूनही कपाशी उभीच ठेवण्याचा, मोह होतो. तीच फरदड गुलाबी बोंडअळीला पोसते आणि रब्बीचं रान अडवते. ठोक्यानं किंवा बटईनं केलेल्या रानात तीन वर्षांनंतरच्या मातीचा विचार कसणाऱ्यानं का करावा, याला उत्तर नाही.

उपाय बियाण्यातही थोडा आहे. निफाडच्या संशोधन केंद्राचे पंचवटी आणि नेत्रावती, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एमएसीएस 4028 हे जिरायतीला चालणारे गहू आहेत. शेवटचा 102 दिवसांत येतो. त्याची सरासरी हेक्टरी 19.3 क्विंटल आणि प्रथिनं 14.7 टक्के सांगितली जातात. पण कपाशीनं पिऊन टाकलेलं पाणी कोणताही वाण परत आणत नाही.

भारी जमीन असेल तर तीन तुकडे करावेत: एकात मूग-उडदानंतर गहू, दुसऱ्यात सोयाबीनवर हरभरा किंवा करडई, तिसऱ्यात कपाशी आणि तूर, दरवर्षी जागा बदलायची. यातून एका वर्षाचं पीक फसलं तरी तिन्ही फसत नाहीत. मात्र या क्रमाचा नफा एका हंगामाच्या पट्टीत दिसत नाही, तो तीन वर्षांच्या बेरजेत दिसतो. आपलं पीककर्ज, पीकविमा आणि पीक-स्पर्धा तिन्ही एका पिकाचे आणि एका हंगामाचे आहेत. मूग हमीभावानं वेळेवर उचलला गेला आणि कर्ज पिकाऐवजी क्रमाला मिळू लागलं, तर जूनमध्ये पेरणी ठरवताना शेतकरी ऑक्टोबरच्या गव्हाचाही विचार करील. त्याला आज तो परवडत नाही, एवढंच.