सुईदोऱ्याचा हिशेब

मराठी भाषेत 'बेतणे' हा मोठा मजेदार शब्द आहे. शिंपी चोळी बेततो, घरची कर्ती बाई सणाचा बेत आखते, आणि नसते साहस अंगाशी आले म्हणजे ते जिवावर बेतते. कापड थोडे आणि अंगे फार, अशा संसारात बेतता येणे ही केवढी विद्या आहे, हे ज्या घरात चार मुले वाढली त्या घरातल्या आईला विचारावे. तसाच दुसरा शब्द 'ओवणे'. मणी ओवायचे, फुले ओवायची. जात्यावर बसून आपल्या आज्या-पणज्या जी गात असत ती ओवीसुद्धा या ओवण्यातूनच आली, असे भाषेचे जाणकार सांगतात. वर्गात हे शब्द निघाले की मुली एकमेकींकडे पाहून हसतात. पुस्तकातले शब्द आपल्या घरच्या पडवीतले निघाल्याचा तो आनंद असतो.

पण घराघरांतून चाललेल्या या बेतण्या-ओवण्याला आपण काय म्हणतो? 'रिकामपणाचा उद्योग'! कपाटाच्या तळच्या कप्प्यात एक गाठोडे असते. त्यात कापून ठेवलेले झबले, एकाच बाहीला काज झालेला सदरा, निम्मी ओवलेली मोत्यांची पोत, जुन्या लुगड्यांच्या थरांवर अर्ध्यापर्यंत धावदोरा घातलेली गोधडी असे काय काय सापडते. घरधनी विचारतात, "कुठवर आलं?" उत्तर ठरलेले: "होतंय हळूहळू." हे हळूहळू होण्याचे कारण आळस नव्हे. दूध उतू जाण्यापासून मुलांची शाळा सुटेपर्यंतच्या दिवसात जे तुकडे उरतात, तेवढेच त्या कामाच्या वाट्याला येतात. दर्जी पाच तास सलग बसतो. घरची बाई तेच पाच तास पंधरा दिवसांत गोळा करते.

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडे शिरूर आणि दौंड हे दोन तालुके आहेत. एक घोड नदीच्या काठचा, म्हणून शिरूरला लोक घोडनदीही म्हणतात. दुसरा भीमेच्या काठचा, रेल्वेच्या मोठ्या जंक्शनचा. हा मुलूख पावसाच्या बाबतीत नेहमीच कमनशिबी. पुढे धरणे झाली, कालवे आले, ऊस आला, साखर कारखाने उभे राहिले. आता रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारे, दौंडला रेल्वेत किंवा राज्य राखीव पोलीस दलात असणारे असे नोकरदारही या भागात पुष्कळ. पुरुष पाळीवर गेला, मुले शाळेत गेली, की यंत्राचे चाक फिरू लागते. शेजारणीची चोळी, शाळेचा गणवेश, नणंदेच्या बाळाचा बाळंतविडा! अंगडी, टोपडी, कुंची, लाळेरी, दुपटी यांची ती ऊबदार चळत ज्या घरातून निघते, त्या घराला आपण सुगरणीचे घर म्हणतो आणि तेवढ्यावर तिची बोळवण करतो.

याच ऊसकरी मुलखात साखरेचे दागिने घडतात ही मौज पाहा. सोन्याचे दागिने सोनाराने घडवावेत. हलव्याचे दागिने मात्र घरच्या बाईनेच. नव्या सुनेची पहिली संक्रांत असो वा बाळाचे बोरन्हाण असो, काळे वस्त्र आणि त्यावर पांढराशुभ्र हलवा पाहिजेच. शिवण आणि दागिना ही दोन कामे एका सणाला अशी हातात हात घालून येतात.

ज्यांनी हलवा फक्त दुकानातून आणला आहे त्यांच्यासाठी थोडे सांगते. खसखस, तीळ किंवा साबुदाणा परातीत घेऊन परात मंद आचेवर ठेवायची. साखरेचा पाक दूध घालून मळी काढून स्वच्छ करायचा आणि चमच्या-चमच्याने दाण्यांवर सोडत बोटांनी दाणे हलवत राहायचे. एक चमचा सुकला की दुसरा. आच वाढली तर साखर पिवळी पडते, पाक जास्त झाला तर दाणे एकमेकांना चिकटतात, आणि हवा ढगाळ असेल तर काटा येतच नाही. कडक थंडीत, कोरड्या हवेत, दोन-चार दिवस रोज थोडे थोडे केले म्हणजे दाण्यावर तो सुरेख काटा उभा राहतो. बोटांची टोके भाजून निघतात ती वेगळीच.

मग दागिने. या दाण्याला भोक पाडायला गेले तर तो फुटतो, म्हणून सुई इथे चालत नाही. दोऱ्याच्या फासात एकेक दाणा अडकवून गाठ आवळायची. अशा सरांचे मग हार, बाजूबंद, कंबरपट्टा, बाळाचे वाळे करायचे. नथीसारखा नाजूक दागिना पुठ्ठ्यावर जर आणि डिंक यांच्या आधाराने साधतो. झालेले दागिने घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवले नाहीत तर दमट हवा आणि मुंग्या दोघी मिळून आठवड्यात निकाल लावतात. एवढे करून तो दागिना मिरवायचा किती वेळ? एक संध्याकाळ! हळदीकुंकवाला आलेल्या बायका "किती बाई हौस!" म्हणून कौतुक करतात. हौस तर खरीच. पण हौसेच्या पदराखाली आठवडाभराची मेहनत झाकली जाते, तिकडे कोणी पाहत नाही.

हीच मेहनत घराबाहेर कोणी केली की तिला नाव मिळते. जुन्या गावगाड्यात सोनाराला आणि शिंप्याला स्थान होते. मंगळसूत्र गाठवून देणाऱ्या पटवेकऱ्यालाही त्याची मजुरी मिळे. दौंड तालुक्यातल्या यवत, वरवंड, पाटस या गावांवरून दरवर्षी तुकोबांची पालखी पंढरीला जाते. ज्या विठ्ठलाच्या ओढीने ती जाते, त्याच्या दरबारात नामदेव शिंपी आहेत आणि नरहरी सोनारही आहेत. संतांच्या नावाशी त्यांचा धंदा अभिमानाने जोडलेला आहे. २०२३ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने कारागिरांसाठी विश्वकर्मा योजना सुरू केली, तिच्या १८ व्यवसायांतही सोनार आहे, शिंपी आहे, माळा गुंफणारा आहे. घरी बसून बेतणारी आणि ओवणारी बाई मात्र पुष्कळदा स्वतःच म्हणते, "मी काही करत नाही, घरीच असते."

हाताच्या कामाचे मोल ओळखणारी एक असामान्य स्त्री याच दौंड तालुक्यात होऊन गेली. पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव स्टेशन लागते. तेथे पंडिता रमाबाईंचे मुक्ति सदन आहे. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. दुष्काळ म्हणजे काय हे त्यांनी पुस्तकात वाचले नव्हते. वणवण भटकताना आईवडील गमावून त्या ते शिकल्या होत्या. संस्कृतच्या पंडिता म्हणून कलकत्त्यात त्यांचा गौरव झाला, पुढे त्या विलायतेला आणि अमेरिकेला गेल्या. अमेरिकेत त्यांनी फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञाची बालशिक्षणाची पद्धत अभ्यासली. या पद्धतीत मुलांच्या हातात आधी पुस्तक देत नाहीत. मणी ओवणे, कागद विणणे, पुठ्ठ्याच्या भोकांतून दोरा घालून शिवणे यांतून मुलाची बोटे आणि बुद्धी एकदमच जागी करतात. आपल्या पडवीतली कामे तिकडे शास्त्र होऊन बसली होती!

१८८९ साली रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढले, पुढच्याच वर्षी ते पुण्याला आणले. केडगावची जमीन त्यांनी घेतली ती फळबाग करून संस्थेला उत्पन्न व्हावे म्हणून. परंतु १८९६-९७ चा दुष्काळ पडला आणि मध्य प्रांतातून उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुली त्यांनी केडगावी आणल्या. १९०० च्या दुष्काळानंतर तर तेथील वस्ती दीड हजारांवर गेली. एवढ्या जणींना दोन वेळा जेवू घालणे हेच दिव्य. पण रमाबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. लिहिण्या-वाचण्याबरोबर त्यांनी शिवण, विणकाम, शेती, दुभती जनावरे, तेलाचा घाणा, धुलाई अशी कामे शिकवली. छापखान्यात खिळे जुळवायला बायकाच होत्या. अंध मुलींना बोटांनी वाचायला आणि टोपल्या विणायला शिकवले जाई.

रमाबाईंचा धर्म आणि त्यांवरून उठलेले वाद यांवर आजवर भरपूर शाई खर्च झाली आहे. तो विषय येथे नको. आपल्यापुरते ध्यानात घ्यायचे ते हे की, केडगावात शिवणाला वेळ नेमलेली होती, जागा नेमलेली होती, आणि त्या शिवणाच्या जोरावर एखादी निराधार मुलगी उद्या स्वतःचे पोट भरू शकेल हा हेतू उघडपणे समोर होता. कामे तीच, जी आपल्या घरी उरल्या वेळात चालतात. तिथे त्यांना उरला वेळ नव्हे, मुख्य वेळ दिला गेला. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानड्यांनी सेवासदन सुरू केले, तेव्हा तेथेही शिवणकामाला असेच मानाचे स्थान मिळाले. दोन रमाबाई, दोन वाटा. पण सुईची किंमत दोघींनाही पटलेली होती.

सुईचे यंत्र झाले त्याची कथाही बोलकी आहे. १८३० मध्ये फ्रान्समधल्या तिमोनिए नावाच्या शिंप्याने शिवणयंत्राचा हक्क नोंदवला. त्या यंत्रांवर सैनिकांचे गणवेश शिवू लागताच पॅरिसच्या शिंप्यांनी १८३१ साली कारखान्यात घुसून यंत्रे मोडून टाकली. आपल्या कामाचे मोल जाईल ही त्यांना धास्ती. पुढे अमेरिकेत सिंगरने १८५१ मध्ये आपले यंत्र आणले, आणि काही वर्षांत ते हप्त्याने विकायला काढले. हप्त्यांमुळे यंत्र घरात शिरले. आपल्याकडे स्वातंत्र्यापूर्वीच कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सची 'उषा' यंत्रे निघू लागली आणि पुढे कितीतरी घरांत ती आली. शिंप्याने यंत्र घेतले तेव्हा त्याने दर ठरवले. घरच्या बाईला यंत्र मिळाले, तेव्हा तिला आणखी काम मिळाले. दर ठरवायचे राहूनच गेले.

तो कसा ठरवावा हे शिकवणारी एक जागा शिरूर तालुक्यात आहे. पाबळ गावी १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. मोठ्या कंपनीतले संशोधन सोडून हे गृहस्थ खेड्यात येऊन राहिले. करून शिकावे, आणि लोकांच्या खऱ्या गरजेचे काम करून शिकावे, ही त्यांची रीत. शाळांसाठी त्यांनी आखलेल्या अभ्यासक्रमात वस्तू बनवण्याबरोबर तिचा खर्च काढणेही शिकवतात. विद्यार्थ्याने वस्तू केली म्हणजे काम संपत नाही. ती केवढ्याला पडली हे वहीत मांडायचे असते.

ही वही प्रत्येक शिवणाऱ्या आणि ओवणाऱ्या घरात यावी असे मला मनापासून वाटते. एक उदाहरण घेऊ. समजा, एका झबल्याला ८० रुपयांचे कापड लागले आणि दोरा, फीत, बटणे यांचे १५ झाले. बेतण्यापासून काज करण्यापर्यंत तीन तास गेले. ओळखीची बाई म्हणून १२० रुपये सांगितले. हाती उरले २५. म्हणजे तासाला साधारण आठ रुपये! हा आकडा वहीत उतरला की मग तोंडाने काही सांगावे लागत नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

"प्रत्येक टाक्याचे पैसे मोजायचे तर माया कुठे राहिली?" असे कोणी म्हणेल. माया राहीलच. भाचीच्या बाळंतविड्याचे पैसे कोणी मागत नाही, मागूही नयेत. पण जे प्रेमाने दिले ते किती मोलाचे होते हे देणारीला आणि घेणारीला दोघींनाही ठाऊक असावे. किंमत ठाऊक असून दिले तर ते दान. ठाऊक नसताना गेले तर ती नुसती गळती. आणि जिथे विकायचेच आहे, मग तो शेजारणीचा झगा असो, मोबाईलवरून आलेली हलव्याच्या दागिन्यांची मागणी असो, की पुण्याच्या भीमथडी जत्रेतला बचत गटाचा गाळा असो, तिथे संकोच नको.

घरच्या मंडळींकडेही थोडे मागणे आहे. यंत्र घेऊन दिले म्हणजे कर्तव्य संपले असे मानू नये. यंत्राला उजेडाची जागा द्यावी. जेवणाच्या टेबलावरून दिवसातून तीनदा ते उचलायला लावू नये. आठवड्यातून दोन दुपारी तरी 'आई कामात आहे' हे मुलांना समजावे. घरधन्यांनी "कुठवर आलं?" असे विचारण्याऐवजी पाहुण्यांचा चहा स्वतः करावा; काम आपोआप पुढे सरकेल.

दिवाळी उलटली की संक्रांतीला दोन-अडीच महिने उरतात. थंडी पडू लागते, हवा कोरडी होते, हलव्याला काटा येण्याचे ते दिवस. गाठोडे खाली काढायला यापरती चांगली वेळ नाही. कापून ठेवलेले झबले आधी पुरे करावे, मग नवे बेतावे. आणि शेजारी एक साधी रेघांची वही ठेवावी. पहिल्या पानावर तारीख, साहित्य आणि तास एवढी तीनच रकाने पुरेत. चौथा रकाना दामाचा. तो भरताना हात थोडा अडखळेल, पण भरायचा मात्र आपल्याच हाताने.