सर्वांत मोठे फूल आणि 'फूल' या शब्दाची व्याप्ती

जगातील सर्वांत मोठे फूल कोणते, हा प्रश्न वरवर पाहता वनस्पतिशास्त्राचा वाटतो. परंतु त्याचे उत्तर पुष्कळ अंशी 'फूल' हा शब्द कोठवर ताणावयाचा यावर अवलंबून आहे. सुमात्रा बेटातील दोन वनस्पतींना हा मान आलटून पालटून दिला जातो, तो या संदिग्धतेमुळेच.

त्यांपैकी पहिली रॅफ्लेशिया आर्नोल्डी. स्टॅम्फर्ड रॅफल्स यांच्या प्रवासात त्यांच्यासमवेत असलेले वैद्य जोसेफ आर्नोल्ड यांनी १८१८ मध्ये ती पाहिली व त्याच वर्षी ते तापाने निवर्तले. हिला खोड नाही, पान नाही; एका रानवेलीच्या अंगात ती तंतुरूपाने राहते आणि केवळ फुलण्यासाठी बाहेर येते. तिच्या फुलाचा व्यास सुमारे १ मीटर भरतो. ही आश्रयदाती वेल द्राक्षकुलातील, म्हणजे विश्रामबागेहून तासगावकडे जाताना लागणाऱ्या द्राक्षमळ्यांच्या गोतातील होय. एकाकी फूल म्हणून पहिला मान निर्विवादपणे रॅफ्लेशियाचाच.

दुसरी वनस्पती आपल्या सुरणाची सख्खी बहीण. इटालियन शास्त्रज्ञ ओदोआर्दो बेक्कारी यांना ती १८७८ मध्ये आढळली. तिचे ३ मीटरपर्यंत उंच जाणारे 'फूल' हे वस्तुतः फूल नव्हेच. मधला जाड दांडा म्हणजे स्थूलकणिश. त्याच्या तळाशी शेकडो बारीक नर व मादी फुले दाटलेली असतात आणि भोवतालची झालरदार पाकळी म्हणजे महाछद. उमलताना दांडा तापतो व सडलेल्या मांसाचा दर्प सुटतो. त्याने माश्या व भुंगेरे ओढले जातात. महाराष्ट्रात हाच प्रकार लहान प्रमाणावर पाहावयास मिळतो. पावसाळ्याच्या तोंडाशी ठाणे-रायगडकडे भाजीसाठी येणारी शेवळे हे याच प्रजातीचे कोवळे फुलोरे होत. त्यांची खाज मारण्यास काकडाची आंबट फळे घालतात. पोटात काय शिजते आहे हे खाणाऱ्यास सहसा ठाऊक नसते!

येथे लोकभाषेचा विवेक पाहण्यासारखा आहे. आंब्याला मोहोर, उसाला तुरा, ज्वारीला कणीस, नारळी-पोफळीला पोय. यांपैकी कशालाही मराठी माणूस फूल म्हणत नाही. मात्र जेथे समूह एकसंध दिसतो तेथे भाषा डोळ्यांवर विश्वासते: केळफूल व सूर्यफूल हे दोन्ही फुलोरेच आहेत. उंबराच्या बाबतीत तर उलट घडले. त्याची असंख्य फुले फळासारख्या दिसणाऱ्या गोळ्याच्या आत दडलेली असल्याने 'उंबराचे फूल' हा दुर्मिळतेचा वाक्प्रचार झाला.

फुलोराच मोजावयाचा तर सुरणाची ही बहीणही मागे पडते. तिचा फुलोरा शाखाहीन. शाखायुक्त फुलोऱ्यांत अग्रमान श्रीतालाचा. दक्षिण भारतात व श्रीलंकेत हा माड ३० ते ८० वर्षे केवळ पाने धरतो, नंतर शेंड्यावर ६ ते ८ मीटर उंचीचा, लक्षावधी फुलांचा एकच फुलोरा काढतो आणि फळे पिकली की मरतो. साताऱ्याच्या डोंगरांतील कारवीचे आयुष्यही असेच एका बहरापुरते, फक्त ती सात-आठ वर्षांतच फुलते. श्रीतालाच्या पानांवर दक्षिणेतील पोथ्या लिहिल्या गेल्या. आणि त्याचे कठीण बी, बजरबट्टू, दृष्ट लागू नये म्हणून मुलांच्या गळ्यात बांधले जाई.