बाळाच्या पाळण्यात काय असावं, काय नसावं?



बारशाला गेलं की सजवलेला पाळणा बघून आपण कौतुक करतो. मऊ मऊ गादी, कडेने झालर, छोटे लोड, मोहरीची उशी, गोधडी, एखादं कापडी अस्वल. माझ्या मुलीच्या वेळी आजीने स्वतःच्या हाताने मोहरीची उशी शिवली होती. डॉक्टर म्हणाले, "पाळण्यात उशी ठेवू नका." आजी तिथे काही बोलली नाही. पण घरी आल्यावर म्हणाली, "मग आम्ही सहा पोरं काय वाऱ्यावर वाढवली?"

प्रश्न रास्त आहे. कालचं बरोबर आज चूक कसं काय ठरतं? चला, समजून घेऊया.

सल्ला का बदलला?

अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ डॉ. बेंजामिन स्पॉक यांचं बालसंगोपनावरचं पुस्तक 1946 साली आलं आणि जगभर खपलं. सुरुवातीला त्यात बाळाला पाठीवर झोपवा असं होतं. 1950 च्या दशकात मात्र सल्ला बदलून पालथं झोपवा असा झाला. कारण काय, तर उताणं बाळ ओकलं तर दूध श्वासनलिकेत जाईल. ऐकायला अगदी पटण्यासारखं! पाश्चात्त्य देशांतल्या लाखो आईवडिलांनी तसंच केलं.

त्याच काळात धडधाकट बाळं झोपेत अचानक दगावण्याचे प्रकार डॉक्टरांना दिसत होते. अशी बाळं कशी झोपवलेली होती याची नोंद ठेवल्यावर पालथं झोपवण्यात धोका जास्त दिसला. मग 1987 मध्ये नेदरलँड्समध्ये, 1991 मध्ये ब्रिटनमध्ये आणि 1994 मध्ये अमेरिकेत 'बाळाला पाठीवर झोपवा' अशी मोहीम सुरू झाली. अमेरिकेत पुढच्या काही वर्षांत असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. वाईट एवढंच, की हा धोका 1970 च्या सुमारासच ओळखता आला असता, असं नंतरच्या आढाव्यात दिसून आलं. तेव्हा सगळे अभ्यास कुणी एकत्र मांडून पाहिले नव्हते.

म्हणजे पटण्यासारखं कारण आणि तपासून पाहिलेलं कारण यात फरक असतो.

मऊ गादीत धोका कसला?

नवजात बाळाची मान धरलेली नसते. नाक उशीत किंवा गोधडीत रुतलं तर त्याला डोकं वळवता येत नाही. मग सोडलेलाच श्वास ते पुन्हा पुन्हा आत घेतं. प्राणवायू कमी होत जातो. शिवाय जास्त पांघरुणांनी अंग तापतं, तोही धोकाच.

आणि ओकण्याचं काय? बाळ पाठीवर असताना श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते. वर आलेलं दूध खालच्या बाजूला राहतं, ते श्वासनलिकेत चढणं अवघड. पालथं केलं की हे उलटं होतं.

मग काय करायचं?

1. बाळाला दर वेळी पाठीवरच झोपवा. दुपारच्या डुलकीलासुद्धा.
2. गादी सपाट आणि घट्ट हवी. हाताने दाबली तर खड्डा राहता कामा नये. वर ताणून बसवलेली एकच चादर.
3. उशी, लोड, झालर, सैल गोधडी, खेळणी काही नको. पाळण्याच्या कडेला लावायच्या गाद्यांवर अमेरिकेत 2022 साली कायद्यानेच बंदी आली.
4. थंडी असेल तर पांघरुणाऐवजी अंगात कपड्यांचा एक थर वाढवा. घरात झोपताना कानटोपी नको.
5. झोळीत बाळ मुडपून जातं, हनुवटी छातीला टेकते. तिथे झोप लागली तर उचलून सपाट जागी ठेवा.
6. बाळ तुमच्याच खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या जागेवर झोपवा. घरात बिडी-सिगारेट नको.

बाळ कमी वजनाचं किंवा अपुऱ्या दिवसांचं असेल तर डॉक्टरांना विचारूनच करा. पहिल्या 42 दिवसांत आशाताई घरी येतात, त्यांनाही न संकोचता विचारा.

आजीचं काय झालं?

आजीला मी हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "अगं, पण डोकं चपटं झालं तर?" मी म्हटलं, बाळ जागं असताना, आपण समोर बसलेलं असताना, थोडा वेळ पालथं ठेवायचं. त्याने मानही बळकट होते. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी आजी सतरंजी अंथरून नातीच्या मुलीसमोर खुळखुळा घेऊन बसू लागली. ते काम तिने कुणाला करू दिलं नाही.

मी शाळेत मुलांना नेहमी सांगते, उत्तर पाठ करू नका, 'का' ते विचारा. घरातल्या मोठ्यांशी बोलतानाही तेच लक्षात ठेवूया. "तुमचं चुकलं" असं म्हणू नका, कारण सांगा. त्यांनी त्यांच्या काळात जे माहीत होतं ते मायेनेच केलं. आज आपण जे करतोय त्यातलंही काही उद्या बदलेल. तेव्हा आपल्या सुनेचं, लेकीचं ऐकून घ्यायची तयारी आपलीही हवी, नाही का?

तुमच्या ओळखीत नवीन बाळ येणार असेल तर हे त्यांना नक्की सांगा.